बाहेरकाठ्यावरची पाटी

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
दारिद्र्यमुक्त ग्राम कक्ष,
पेण-रोहा विभाग, जि. रायगड.

अर्जदार : श्रीमती गिरजाबाई महिपती मोकल, वय साठच्या आसपास, धंदा शेती (उरली असल्यास), राहणार मौजे पाणखार, तालुका पेण.

विषय : आपल्या कक्षाने पाणखारच्या खाडीबांधावर उभी केलेली ‘दारिद्र्यमुक्त गाव’ ही पाटी येत्या अमावास्येच्या उधाणाआधी काढून नेण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावर यापूर्वी दिलेले अर्ज. त्यांपैकी एकाचेही उत्तर आलेले नसल्यामुळे तारखा देऊन आपला वेळ घेत नाही.

महोदय,

१. सविनय निवेदन करण्यात येते की, अर्जदार बाईंना लिहिता येत नाही. त्या सांगतात आणि खाली नाव असलेला दाजी लिहितो. पेणेत कचेरीबाहेर चिंचेखाली बसून लोकांची गाऱ्हाणी सरकारी भाषेत बसवणे हा दाजीचा पोटापाण्याचा धंदा आहे. बाई बोलतात तसे लिहिले असते तर हा अर्ज आपल्या टेबलापर्यंत पोचलाच नसता, म्हणून मधले काही शब्द गाळले आहेत. भाषा जिथे नम्र वाटेल तिथे ती दाजीची समजावी.

२. पाणखारची भातशेती खाडीच्या भरतीपेक्षा सखल आहे. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध आहे, त्यास गावात बाहेरकाठा म्हणतात. काठा शाबूत असला तर भात, फुटला तर खारे पाणी. आमच्या गावाची गरिबी आणि श्रीमंती एवढ्यावर चालत आली आहे आणि ती समजण्यासाठी कोणाला पुस्तक वाचावे लागलेले नाही.

काठ्याला भगदाड पडले की त्यास खांड पडली असे म्हणतात. खांडीची रीत पूर्वापार ठरलेली आहे. ज्याला ती आधी दिसेल त्याने काठ्यावर उभे राहून हाक द्यायची आणि ज्याच्या कानावर हाक पडेल त्याने पुढ्यातले ताट सारून, फावडे उचलून धावायचे. खांड कोणाच्या शेतासमोर पडली हे विचारायचे नाही. विचारणाऱ्याला गाव पुढे वर्षभर सुखाने जेवू देत नसे. काठ्याच्या टोकाला कातकऱ्यांची वाडी आहे. त्यांच्या नावावर वीतभर जमीन नाही, तरी तेही येत, आणि बहुतेक वेळा गावाच्या आधी पोचत. काठ्याच्या आतल्या चरात जी मासळी आणि चिंबोऱ्या सापडतात त्या वाडीच्या, त्यावर गावाने हात टाकायचा नाही, असा त्यांचा मान राखलेला होता.

उधाणाच्या दिवसांत काठ्यावर फेरी मारून नजर ठेवण्याचे आणि हाक देण्याचे काम अर्जदार बाईंच्या घराकडे आहे. आधी सासऱ्यांनी केले, मग यजमान कै. महिपती यांनी, त्यांच्या मागे बाई करतात. त्याबद्दल त्यांना कोणी कधी काही दिले नाही आणि त्यांनी मागितलेही नाही. बाईंचा आवाज मोठा आहे. याची खात्री आपल्या कचेरीतील कर्मचाऱ्यांनी करून घेतलेली आहेच.

३. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेला, भरदुपारी, पानात नारळीभात वाढलेला असताना खांड पडली. बाईंनी हाक दिली. वाडीतली पारी आणि तिचा नवरा काळू आधी पोचले, मागून सगळे गाव आले. पाणी शेतात धो धो शिरत होते आणि ते चढत असताना काही करता येत नाही. ओहोटी लागली की मात्र हात चालवायचे आणि पुढची भरती चढायच्या आत खांड बुजवायची, यात एक दिवसाचीही सवड नसते. चिखलाच्या ढेपा हातोहात आल्या. बाईंनी आपली पेंढ्याची उडवी सगळी दिली. शेजारी मोरू याने नव्या घरासाठी करून आणलेले सागाचे दार खांद्यावर आणले. ते पाण्यात कसे घालावे यावर पुरुषमंडळींचा वाद सुरू झाला तेव्हा पारी काठ्यावरून ओरडली, “आडवं घाला रं, आडवं! उभं घालाल तं पानी उखडून नेईल!” आडवे घातले. काळू गळ्याइतक्या पाण्यात ते दार पाठीने रेटून उभा राहिला आणि त्याच्यामागे गावाने माती भरली. दिवस मावळायच्या आत खांड बुजली. मग तोच नारळीभात सगळ्यांनी काठ्यावर बसून, गार झालेला, एकमेकांच्या पानातून खाल्ला.

बाई म्हणतात, त्या दिवशी त्या फार खूश होत्या. हे अर्जात लिहू नये असे दाजीने सुचवले होते, पण त्या ऐकत नाहीत.

४. तिसऱ्या दिवशी पंचनाम्यास माणूस आला. त्याने छत्री उघडी ठेवूनच विचारले, “खांड कुठाय?” गावाने अभिमानाने जागा दाखवली. “ही? ही तर बुजलेली हाय.” “व्हय, आमीच बुजवली.” “कोणाला विचारून?” खांड बुजवायला कोणाला विचारण्याची रीत आमच्याकडे नव्हती. त्याने कागदावर लिहिले, ‘प्रत्यक्ष पाहणीत खांड आढळून आली नाही.’ तोवर शेतातले रोप तांबडे पडू लागले होते. बाईंनी त्याला हाताला धरून शेतात नेले, चिखल उचलून जिभेवर ठेवायला सांगितले. तो काही त्याने ठेवला नाही. खांड नाही तर खारे पाणी आले कोठून, आणि खारे पाणी आले नाही तर भात जळाले कशाने, असा प्रश्न त्याला पडला आणि त्याने तो आपल्या परीने सोडवला. पुढच्या ओळीत त्याने लिहिले की लागवडीत हयगय झाली असावी.

गावाची चूक झाली हे आता सर्वांना मान्य आहे. खांड तशीच ठेवायला हवी होती.

५. खाडीपलीकडच्या गावाने ती तशीच ठेवली. त्यांच्याही काठ्याला त्याच उधाणात खांड पडली. ते शहाणे, त्यांनी हात लावला नाही. साहेब आले, फीत लावून मापे घेतली, फोटो निघाले, सगळे रीतसर झाले आणि त्यांना भरपाई मिळाली. मात्र पंचनामा होईतोवर प्रत्येक भरतीने खांड वाढवली आणि ती आता कोणाच्या बापाच्याने बुजण्यासारखी राहिलेली नाही. शेतात कांदळाची झाडे उगवली आहेत. ती तोडली तर गुन्हा आहे, कारण ते आता जंगल झाले. म्हणजे वाट पाहिली त्यांचे शेत गेले आणि वाट पाहिली नाही त्यांची भरपाई गेली. यात तिसरा मार्ग कोणता, हे आपल्या कक्षाने कळवल्यास बाई आभारी राहतील. त्यांनी पुष्कळ विचार करून पाहिला, त्यांना सापडला नाही.

६. यानंतर जे झाले त्याची बाईंना अजून लाज वाटते. आपल्या कक्षातर्फे रोह्यास ‘ग्रामीण दारिद्र्य : कारणे व उपाय’ या विषयावर मेळावा भरला. पाणखारने सरकारकडे हात न पसरता स्वतःच्या बळावर बांध दुरुस्त केला, हे कोणीतरी आपल्या कानावर घातले होते. म्हणजे जी खांड पंचनाम्यात नव्हती ती सत्कारात होती. बाईंना जीपमध्ये घालून नेले. शाल, नारळ, पहिल्या रांगेत खुर्ची. बाहेरगावच्या एका विद्वान वक्त्यांनी दारिद्र्याची कारणे सांगितली : आळस, दारू, लग्नातला खर्च, आणि सरकारवर विसंबून राहण्याची वृत्ती. उपाय म्हणून त्यांनी बाईंकडे बोट दाखवले. मग बाईंना दोन शब्द बोलायला सांगितले.

बाई बोलल्या ते असे : “सायेब, आमी खांड बुजवली म्हनून तुमच्या कागदात खांडच नाय. मंग माजं भात कशानं जळलं, ता सांगा. मी काय दारू पेले का?”

सभागृहात हशा पिकला आणि टाळ्या पडल्या. ग्रामीण विनोदबुद्धीचे कौतुक झाले. नंतर मेळाव्याची छापील पुस्तिका निघाली, तीत बाईंचा फोटो आहे. दारिद्र्याची कारणे तीत पुष्कळ दिली आहेत. पंचनामा हे कारण त्यांत नाही.

७. त्या मेळाव्यात पाणखार दारिद्र्यमुक्त जाहीर झाले आणि तशी पाटी लावण्याचे ठरले. पाटी कुठे लावावी हा आपल्या कक्षाचा प्रश्न होता, त्यात गावाला पडायचे कारण नव्हते. परंतु पाटी येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना दिसली पाहिजे, आणि जिथे पराक्रम घडला तिथेच दिसली पाहिजे, म्हणून ती नेमकी बुजवलेल्या खांडीवर उभी करण्यात आली. तिचे दोन लोखंडी खांब रोवण्यासाठी नव्या भरावात पुरुषभर खोल दोन खड्डे घेतले. ही माती अजून बसलेली नाही, एक पावसाळा तरी तिला हात लावू नका, हे बाईंनी खोदणाऱ्यांस सांगितले. खोदणारे म्हणाले, “मावशी, आमाला खड्ड्याचं काम दिलंय, काठ्याचं नाय.” मोरूच्या सागाच्या दाराला त्यांची पहार लागली तेव्हा आत लाकूड आहे म्हणून ते कुरकुरले आणि ते फोडून खड्डा पुरा केला.

८. आता त्या दोन्ही खांबांच्या कडेने पाणी झिरपते. भुसभुशीत मातीत चिंबोऱ्यांनी बिळे केली आहेत. खांब वाऱ्याने हलतात आणि हलले की बुंध्याशी माती सुटते. हे लहान मुलालाही दिसते. मोरूने एक दिवस जाऊन एक खांब उपटायला सुरुवात केली. सरकारी मालमत्तेची नासधूस करणाऱ्यावर कारवाई होईल असे पाटीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेले आहे, ते त्याने वाचले नव्हते. त्याला बोलावणे आले. दिवसभर बाकावर बसवून त्याच्याकडून माफी लिहून घेतली. काठ्यासाठी ज्याने घराचे दार दिले, त्याला त्याच काठ्याच्या नावाने माफी मागावी लागली, हे बाईंना कोणत्याही भाषेत पचत नाही आणि दाजीलाही ते सौम्य करून लिहिता आलेले नाही.

बाई स्वतः आपल्या कचेरीत आल्या तेव्हा त्यांना समजावण्यात आले की, पाटी काढायची तर गाव आता दारिद्र्यमुक्त नाही असे आधी सिद्ध झाले पाहिजे. ते पाहणीत सिद्ध होते. पाहणी दारिद्र्यमुक्त गावांची होत नाही, आणि पाणखार दारिद्र्यमुक्त असल्याचा पुरावा म्हणून फायलीत त्या पाटीचाच फोटो लावलेला आहे. निदान खांबांभोवती माती घालू द्या, असे बाईंनी विचारले. तर काम पूर्ण झाल्याचा दाखला गेलेला आहे, पूर्ण झालेल्या कामावर माती घालता येत नाही, असे उत्तर मिळाले. कारकून वाईट नव्हता. त्याने बाईंना चहा पाजला.

९. आपल्या माहितीसाठी, दारिद्र्यमुक्त झाल्यापासून गावात काय झाले ते थोडक्यात. शेत खारावल्यावर लावणी-कापणीची मजुरी संपली. काळू रोह्याकडे एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली लागला. शिफ्ट संपली की तिथेच पत्र्याखाली झोपतो. पारी वाडीत एकटी आहे. बाईंचा मुलगा दिनानाथ जोह्यास गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना रंग देतो. हे दिवस सणाचे, त्यामुळे तो घरी येऊ शकत नाही. पाटीमुळे गावाला रोजगाराची कामे मिळत नाहीत, कारण ती गरीब गावांसाठी असतात.

तरी बाईंनी या वर्षी लावणी केली. गेल्या पावसाळ्याच्या उरलेल्या आणि या वर्षीच्या पहिल्या पावसात थोडा खार धुऊन गेला असेल अशा आशेने, इतरांनी वेड्यात काढले तरी, पारीला हाताशी घेऊन त्यांनी आपल्या तुकड्यात रोप लावले. ते धरले आहे. काठ्याच्या आतल्या सगळ्या खारजमिनीत तेवढाच एक तुकडा हिरवा आहे. बाकीच्यांनी शेते मोकळी ठेवली. पेरून काय करायचे, पेरलेले दिसले तर पुन्हा सत्कार करतील, असे मोरू म्हणाला. तो हे थट्टेने म्हणाला असे बाईंना आधी वाटले होते.

१०. आता मूळ मुद्दा. या महिन्यात नारळी पौर्णिमेच्या उधाणाला बाई नेहमीप्रमाणे काठ्यावर फिरत होत्या. पाटीच्या डाव्या खांबाच्या बुडातून पाण्याची धार आत येताना त्यांनी पाहिली. आधी करंगळीएवढी होती, बघता बघता मनगटाएवढी झाली. बाईंनी हाक दिली.

लोक आले. येणार नाहीत असे नव्हे, आले. पण कोणाच्या हातात फावडे नव्हते. काही छत्र्या घेऊन आले होते. काठ्यावर उभे राहून सगळे धार बघू लागले. बाईंना वाटले यांना दिसले नाही, म्हणून त्या ओरडल्या, “अरे बघताव काय? माती आना!” तेव्हा मोरू शांतपणे म्हणाला, “काकू, जरा दम धर. पेनला फोटोवाल्याकडं मानूस धाडलाय. नीट पडू दे खांड. अर्धी पडली तर फोटोत दिसनार नाय.” दुसरे एक जण, ज्यांचे नाव बाई सांगत नाहीत कारण ते नात्यातले आहेत, म्हणाले, “भात तर तुजंच हाय गो. आमचं काय भिजतंय?”

महोदय, बाईंच्या साठ वर्षांच्या आयुष्यात काठ्यावर उभे राहून हा प्रश्न कोणी केला नव्हता. त्यांच्या सासऱ्यांनी ऐकला नव्हता. शेत खारावले तेव्हा बाई रडल्या नव्हत्या. हे ऐकून त्या काठ्यावरच बसल्या आणि मोठ्याने रडल्या, आणि लोक अवघडून दुसरीकडे बघू लागले. वाडीतून पारी धावत आली. तिने बाईंना उठवले नाही, काही विचारले नाही. गोणपाट घेऊन ती खांबाच्या बुडाशी उतरली आणि हाताने चिखल कोंबू लागली. मग बाईही उतरल्या. दोघींनी भरती ओसरेपर्यंत ती जागा अंगाने दाबून धरली. त्या दिवशी उधाणाला जोर कमी होता म्हणून काठा राहिला. फोटोवाला आला तेव्हा दाखवायला काही उरले नव्हते, म्हणून दोन-तीन जण बाईंवर रागावले.

बाईंचा मोरूवर राग नाही. त्याने दार देऊन पाहिले आहे. गावाला आळशी म्हणाल तर तसेही नाही. गावाला एकदा शिकवले गेले की बुजवणारा मूर्ख ठरतो आणि बघत राहणाऱ्याचे नाव कागदावर चढते. गाव हुशार आहे, एका वर्षात शिकले. आपल्या पुस्तिकेची पुढची आवृत्ती निघणार असेल तर दारिद्र्याच्या कारणांत हे कारण घालावे, अशी सूचना आहे. बाईंचा फोटो काढून टाकला तर तेवढी जागा होईल.

११. सबब विनंती अशी की, भरपाई नको. गरिबांच्या यादीत नाव नको, रोजगाराची कामे नकोत, हे सगळे बाईंनी मनातून सोडले आहे. पाटी तेवढी काढून न्यावी, आणि काढायला माणसे न धाडता आपण स्वतः यावे. आपली जीप आली की गाव जमेलच. त्या वेळी काठ्यावर उभे राहून आपण आपल्या तोंडाने एवढेच सांगावे की गेल्या वर्षी तुम्ही खांड बुजवलीत ते बरोबर केलेत, आणि पुढे पडली तर कोणाची वाट पाहू नका. हे बाईंनी घरोघर जाऊन सांगून पाहिले. लोक म्हणतात, “तू कोन सांगनारी? सायबानं सांगू दे.” पूर्वी गाव बाईंच्या एका हाकेला उठत असे. आता आपली हाक लागते.

अमावास्या शनिवारी आहे. भरती दुपारी चढेल, आणि जुनी माणसे म्हणतात की हे उधाण मोठे आहे. आपण सकाळी आलात तर ओहोटीत पाटी निघेल आणि खड्डेही बुजतील, गाव हाताशी असेल तर फार वेळ लागत नाही. नाही आलात तरी बाई फावडे घेऊन काठ्यावर जाणार आहेत, आणि मी पण येते गो, असे पारी म्हणाली आहे. दोन बायकांनी खांड बुजत नाही, हे दोघींनाही ठाऊक आहे.

आपल्या जीपच्या वाटेकडे डोळे लावून,

गिरजाबाई महिपती मोकल
(डाव्या हाताचा अंगठा)

सांगितल्याप्रमाणे लिहिले, वाचून दाखवले : दाजी, अर्जलेखक, पेण.

दिनांक : १७ ऑगस्ट १९९८